शून्य कोणत्या टोकाला?

गेल्या दिवाळीची गोष्ट. वसुबारसेच्या संध्याकाळी माझ्या नातीने गॅलरीच्या कठड्यावर आठ पणत्या ओळीने मांडल्या आणि त्यांतल्या तीनच पेटवल्या. बाकीच्या पाच तशाच कोरड्या. तिची आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

"अगं, सणासुदीला विझलेल्या पणत्या कसल्या मांडतेस? तेल संपलं का घरातलं?"

"आजी, हे माझं वय आहे. अकरा!"

आजीला ते पटले नाही, पण हिशेब अगदी बरोबर होता. पेटलेली पणती म्हणजे एक, न पेटलेली म्हणजे शून्य. उजव्या टोकाच्या पणतीची किंमत १, तिच्या शेजारणीची २, मग ४, मग ८, अशी दर पणतीला दुप्पट होत होत डाव्या टोकाच्या पणतीची किंमत १२८. पेटल्या होत्या उजवीकडून पहिली, दुसरी आणि चौथी. एक, दोन आणि आठ मिळून अकरा. संगणकाच्या पोटात आकडे असेच राहतात. तिथे पणतीऐवजी तारेतला विजेचा दाब असतो, एवढेच.

इतक्यात समोरच्या इमारतीतला तिचा वर्गमित्र खाली रस्त्यावर सायकल थांबवून उभा राहिला. शाळेत दोघे हेच शिकत होते. त्याने वर पाहिले, बोटे मोडली आणि मोठ्याने ओरडला, "दोनशे आठ! तुझं वय दोनशे आठ!"

तोही चुकला नव्हता. त्याने त्याच्या उजवीकडून मोजायला सुरुवात केली होती, आणि त्याची उजवी बाजू ती आमची डावी. त्याच्या हिशेबाने पेटल्या होत्या १६, ६४ आणि १२८ किमतीच्या पणत्या. बेरीज २०८.

"आजोबा, कोणाचं बरोबर?" नात रडकुंडीला आली होती. मी म्हटले, "दोघांचंही." या उत्तराने दोघांपैकी कोणाचेच समाधान झाले नाही, आणि व्हायचे कारणही नव्हते. हा तंटा माझ्या चांगल्याच ओळखीचा आहे. इलेक्ट्रॉनिक यंत्रे बनवण्याच्या धंद्यात मी बत्तीस वर्षे काढली. तिथे याच तंट्यापायी एका माणसाच्या बोटाचे नख गेले, आणि एका गुणी मुलीची नोकरी जाता जाता राहिली. ती हकीकत सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे. पण ती नीट समजायची तर आधी थोडे मागे जायला हवे.

लिहून काढलेले यंत्र

पूर्वी रेडिओचे सर्किट कागदावर काढीत. हे रेझिस्टर, हा कपॅसिटर, ही त्यांना जोडणारी तार. पुढे एकाच चिपवर हजारो आणि मग लाखो भाग मावू लागले, तेव्हा ते कागदावर काढणे माणसाच्या आवाक्यात राहिले नाही. मग लोकांनी सर्किट काढायचे सोडून लिहायला घेतले. 'अमुक तारेवर एक आला की तमुक आकड्यात एकाची भर घाल' असे एका ठराविक भाषेत लिहायचे, आणि त्यावरून प्रत्यक्ष तारा नि दरवाजे कसे जोडायचे ते संगणकाने ठरवायचे. या भाषांना हार्डवेअर वर्णनाच्या भाषा म्हणतात.

त्यांतल्या दोन सर्वत्र चालतात. एक व्हेरिलॉग. ही १९८४ च्या सुमारास अमेरिकेत एका लहानशा कंपनीत जन्मली. तीच कंपनी पुढे गेटवे डिझाइन ऑटोमेशन या नावाने ओळखली गेली. तिचे संस्थापक प्रभु गोयल हे आपल्या कानपूरच्या आयआयटीत शिकलेले, आणि भाषेचे मुख्य शिल्पकार फिल मूर्बी. दुसरी व्हीएचडीएल. ही अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने घडली आणि १९८७ साली तिला प्रमाणभाषेचा दर्जा मिळाला. व्हेरिलॉगला तो १९९५ मध्ये मिळाला. दोघींचा स्वभाव वेगळा. व्हेरिलॉग मोकळीढाकळी, थोडक्यात बोलणारी, आणि चूक झाली तरी पुष्कळदा गप्प बसणारी. व्हीएचडीएल म्हणजे जुन्या शाळेतल्या मास्तरीणबाई. प्रत्येक गोष्ट स्पष्ट लिहून मागतील आणि जरा इकडचे तिकडे झाले की वही परत करतील. तीनशे हा आकडा आठ तारांत मावत नाही. व्हेरिलॉगमध्ये तो आठ तारांत कोंबला, तर ती वरचा भाग मुकाट्याने कापून ४४ ठेवते. मास्तरीणबाई असले काही खपवून घेत नाहीत.

आपल्या तंट्याचे मूळ मात्र दोघींतही आहे. ते असे, की आठ तारांचा जुडगा घ्यायचा म्हटले की त्या तारांना क्रमांक द्यावे लागतात. आणि क्रमांक द्यायचे म्हणजे कोणत्या टोकापासून?

चाळीतल्या आठ खोल्या

गिरगावातली एखादी चाळ डोळ्यांसमोर आणा. एका मजल्यावर ओळीने आठ खोल्या. डाव्या टोकाच्या खोलीत सर्वांत वजनदार बिऱ्हाड, त्याच्या शब्दाची किंमत १२८. त्याच्या शेजारी ६४ वाले. असे उतरत उतरत उजव्या टोकाला सर्वांत हलके, किंमत १. हा क्रम ठरलेला. लिहिताना आकड्याचा मोठा भाग डावीकडे येतो, तसेच हे आहे.

आता दारांवर नंबराच्या पाट्या ठोकायच्या आहेत. व्हेरिलॉगमध्ये [७:०] असे लिहिले, की डावीकडून ७, ६, ५ असे उतरत उजव्या टोकाच्या दारावर ० येतो. [०:७] लिहिले, की डाव्या टोकावर ० आणि उजव्या टोकावर ७. व्हीएचडीएलमध्ये हेच शब्दांनी सांगतात: '७ डाउनटू ०' किंवा '० टू ७'. दोन्ही वेळा बिऱ्हाडे जागची हलत नाहीत. डावीकडचा वजनदार तो वजनदारच राहतो. बदलतात त्या फक्त पाट्या.

नवशिक्याची पहिली फसगत इथेच होते. त्याला वाटते, शून्य नंबर म्हणजे सर्वांत हलका. तसे काही नाही. [०:७] च्या चाळीत शून्य नंबरच्या दारामागे १२८ चे बिऱ्हाड राहते.

बहुतेक कारागीर [७:०] पसंत करतात, आणि त्याला कारण आहे. या पद्धतीत पाटीवरचा नंबर म्हणजे दोनाचा घात असतो. तीन नंबरची किंमत दोनाचा तिसरा घात, म्हणजे आठ. शून्य नंबरची एक. चाळ वाढवून सोळा खोल्यांची केली, तर डावीकडे ८ ते १५ या नव्या पाट्या लागतात आणि जुन्यांना हातही लावावा लागत नाही. अपूर्णांकांचीही सोय होते. व्हीएचडीएलच्या २००८ च्या आवृत्तीत '७ डाउनटू उणे ८' असे लिहून दशांशचिन्हासारखी खूण ० आणि उणे १ यांच्यामध्ये मानता येते. उणे एक नंबरच्या खोलीची किंमत अर्धा, उणे दोनची पाव. इतकी सोयीची पाटी दुसरी नाही.

मग [०:७] लिहिणारे वेडे होते काय? मुळीच नाही. आपण वाचतो ते डावीकडून. पहिले अक्षर डावीकडचे, मग पहिली खोली डावीकडची का नको? आयबीएमने १९६४ साली सिस्टिम ३६० हा आपला गाजलेला संगणक जाहीर केला. त्यात सर्वांत वजनदार बिटाला शून्य क्रमांक होता, आणि आठ-आठ बिटांचे गट, ज्यांना बाइट म्हणतात, तेही डावीकडूनच मोजले जात. सगळे एकाच दिशेने चाले. कंपनीच्या पुढच्या पिढ्यांनी, पॉवरपीसी प्रोसेसरनेसुद्धा, हीच रीत पाळली. तिची किंमतही मोजली. बत्तीस बिटांच्या यंत्रात सर्वांत हलक्या बिटाचे नाव ३१ होते. यंत्र चौसष्ट बिटांचे झाल्यावर त्याच बिटाचे नाव ६३ झाले. मनुष्य तोच, घर तेच, पत्ता मात्र बदलला!

अंड्याचे टोक आणि पंचवीस

या भांडणाला नाव दिले डॅनी कोहेन या संगणकशास्त्रज्ञाने. १ एप्रिल १९८० ही तारीख घालून त्याने एक टिपण काढले. त्यात 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' या १७२६ सालच्या पुस्तकातली लिलिपुटच्या बुटक्यांची गंमत त्याने घेतली. उकडलेले अंडे रुंद टोकाकडून फोडायचे की निमुळत्या, यावरून त्या बुटक्यांत बंडे होतात आणि माणसे प्राण देतात. कोहेनने संगणकवाल्यांचे असेच दोन पक्ष केले, मोठ्या टोकाचे आणि छोट्या टोकाचे. ती नावे आजही चालतात. तारीख एप्रिल फूलची असली तरी टिपणाचा विषय थट्टेचा नव्हता. एका तारेवरून बिट एकामागून एक पाठवायचे तर पहिला कोणता, हे दोन्ही टोकांना ठाऊक नसेल तर निरोप उलटा पोचतो. इथरनेटच्या तारेवर प्रत्येक बाइटचा हलका बिट आधी निघतो. टोकन रिंग नावाच्या जुन्या जाळ्यात वजनदार बिट आधी निघे. ही दोन जाळी जोडताना पत्त्यातली प्रत्येक बाइट उलटी करावी लागे.

आणि आपण मराठी माणसांनी या बुटक्यांना हसू नये. आपण '२५' लिहितो आणि 'पंचवीस' म्हणतो. लिहिताना वीस आधी, बोलताना पाच आधी. पुढे मौज पाहा. 'एकशे पंचवीस' म्हणताना आपण आधी शंभर, मग पाच आणि मग वीस म्हणतो! ना मोठ्याकडून लहानाकडे, ना लहानाकडून मोठ्याकडे. असला क्रम कुठल्याही इंजिनियराने सर्किटात लिहिला असता, तर आम्ही त्याला घरी बसवला असता. आपले जुने गणिती मात्र एका बाबतीत पक्के होते. शब्दांनी संख्या सांगताना ते एककापासून सुरुवात करीत आणि अंक डावीकडे चालतात हा नियम सांगून ठेवीत. नियम आधी, संख्या मागून.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' असे वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला तो अनेकांना आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांना त्याची बाजू पुन्हा पुन्हा मांडावी लागली. लहान मुले पंचवीस ऐकून ५२ लिहितात, ही त्यामागची साधी अडचण. मला स्वतःला 'पंचवीस' सोडवत नाही. जिभेवर बसले आहे. पण ५२ लिहिणाऱ्या मुलाला 'ढ' म्हणणाऱ्यांची मला चीड येते. त्याने ऐकले तेच लिहिले होते. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे; पुढे लागणार आहे.

बिऱ्हाडे हलवताना

आता समजा, एका [७:०] च्या चाळीतली बिऱ्हाडे समोरच्या [०:७] च्या चाळीत हलवायची आहेत. कोण कुठे जाणार? नंबराप्रमाणे, म्हणजे सात नंबरवाले सात नंबरात? नाही. दोन्ही भाषांचा नियम असा, की डावीकडचा पहिला डावीकडच्या पहिल्या खोलीत जातो, दुसरा दुसरीत. पाट्या कोणी पाहत नाही. सात नंबरचे वजनदार बिऱ्हाड समोरच्या शून्य नंबरात जाते. त्यामुळे आकड्याची किंमत जशीच्या तशी राहते, अकराचे दोनशे आठ होत नाहीत. नियम शहाणपणाचा आहे. ज्याला तो ठाऊक नाही आणि जो पाट्यांवर विसंबतो, त्याची मात्र फजिती होते.

चाळीतल्या काही खोल्याच हव्या असतील तर दिशा पाळावी लागते. [७:०] म्हणून बांधलेल्या चाळीतून [०:३] मागितले, तर भाषा सरळ नकार देते. [३:०] म्हणावे लागते. हा नकार उपकारकच. व्हीएचडीएलमध्ये याच्या उलट एक गुपचूप सापळा आहे. तिथे दिशा शब्दाने सांगायची असते, म्हणून '७ टू ०' लिहिले तर त्याचा अर्थ सातापासून चढत शून्यापर्यंत जा. असा रस्ताच नाही. म्हणून ती ओळ रिकामी समजली जाते. मास्तरीणबाई एरवी इतक्या कडक, पण इथे हूं की चूं करीत नाहीत. एका होतकरू मुलाने असे फेरे लिहिले होते. दिवसभर त्याला कळेना की फेरा एकदाही का फिरत नाही.

व्हेरिलॉगच्या २००१ च्या आवृत्तीत एक नवी खूण आली: अधिकचे चिन्ह आणि त्याला चिकटून विसर्गासारखे दोन टिंब. [८ +: ८] याचा अर्थ, आठ नंबरपासून वाढत्या नंबराकडे आठ खोल्या. चाळ [३१:०] असेल तर ते [१५:८] होते, [०:३१] असेल तर [८:१५]. दिशा भाषा स्वतः सांभाळते. शिवाय सुरुवातीचा नंबर चालू यंत्रात बदलता येतो. पूर्वी दोन्ही टोके आधीच कायम करावी लागत. मला विचाराल तर या एका खुणेने जितक्या चुका वाचवल्या असतील तितक्या मोठमोठ्या ग्रंथांनी वाचवल्या नसतील.

राहिली स्मृतीची गोष्ट. २५६ मजल्यांची चाळ आणि दर मजल्यावर आठ खोल्या, असे लिहायचे तर खोल्यांची मर्यादा नावाच्या डावीकडे [७:०] अशी लिहितात आणि मजल्यांची नावाच्या उजवीकडे [०:२५५] अशी. खोल्या उतरत्या आणि मजले चढते! पाहणाऱ्याला हे विचित्र वाटते. पण खोल्या मिळून एक संख्या होते, तिला वजन आहे. मजले म्हणजे नुसती यादी. यादी आपण पहिल्यापासूनच वाचतो. सिस्टिमव्हेरिलॉग या पुढच्या भाषेत मजल्यांसाठी नुसते [२५६] लिहिले तरी चालते, आणि त्याचा अर्थ [०:२५५] असाच होतो. नसलेल्या मजल्यावरचे काही वाचायला गेले, तर व्हेरिलॉग 'एक्स' म्हणजे 'ठाऊक नाही' असे उत्तर देते. नसलेल्या मजल्यावर लिहायला गेले तर लिहिलेले हवेत जाते आणि कोणी काही बोलत नाही.

मामांचे नख

आता ती हकीकत. २००५ साल. पुण्यातला एक कारखाना. नावाची जरूर नाही. औषधाच्या गोळ्या मोजून डब्यांत भरणारे यंत्र आम्ही करीत होतो. आत एक एफपीजीए, म्हणजे जिच्यातल्या जोडण्या आपण मागाहून ठरवू शकतो अशी चिप. तिचा निम्मा मजकूर आमचा, व्हेरिलॉगमध्ये; मोटार आणि मोजणी सांभाळणारा निम्मा भाग बाहेरून विकत घेतलेला, व्हीएचडीएलमध्ये. दोहोंमध्ये आठ तारांचा जुडगा. एकेक तार म्हणजे एकेक हुकूम.

विकत घेतलेल्या भागाबरोबर पुस्तिका होती. तीत लिहिले होते: बिट ०, मोटार चालू, बिट ७, मोजणी शून्यावर आणा. आमच्याकडे कॉलेजातून निघून दोनच वर्षे झालेली एक मुलगी होती. काम नीटनेटके, वही पाहावी तर मोत्यासारखे अक्षर. तिने पुस्तिका वाचली आणि आपल्या [७:०] च्या जुडग्यात चालू करण्याचा हुकूम शून्य नंबरच्या तारेवर ठेवला, मोजणी पुसण्याचा सात नंबरच्या. मग दोन्ही भाग जोडले. भाषेने नियमाप्रमाणे डावीकडचा डावीकडच्याला जोडला. विकत घेतलेला भाग '० टू ७' असा लिहिलेला होता.

काय झाले ते वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. तिची सात नंबरची तार त्यांच्या शून्य नंबरच्या तारेला मिळाली. 'मोजणी पुसा' हे बटण दाबले की मोटार सुरू!

यंत्र जोडणारे आमचे फिटर, त्यांना सारा कारखाना मामा म्हणे. एक दिवस ते भरणीच्या पन्हळीत हात घालून पट्टा ताणत होते. बाहेरच्या पोराला म्हणाले, "काटा शून्यावर आण रे." त्याने बटण दाबले. पट्टा फिरला. मामांनी हात झटकन ओढला म्हणून बोट वाचले, नख गेले. खरे तर हात आत असताना मोटारीची वीज तोडलेली असायला हवी होती. ती तोडलेली नव्हती, ही आणखी एक चूक. पण बटणाने जे करायला नको तेच केले होते, हे काही त्यामुळे खोटे ठरत नाही.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. पंधरा दिवसांवर ग्राहकाची पाहणी. वरिष्ठ तापलेले. "इतकी साधी गोष्ट? शून्य कुठे नि सात कुठे, हे कळू नये?" मुलगी उभी राहिली. आवाज कापत होता पण बोलली स्पष्ट: "सर, पुस्तिकेत बिट शून्य लिहिलंय. मी बिट शून्यावरच ठेवलंय." तिला कामावरून कमी करावे असे त्या खोलीत बोलले गेले. तिने वाचले तेच लिहिले होते.

सिम्युलेशन, म्हणजे चिप करण्याआधी संगणकावर घेतलेली तालीम, त्यात ही चूक का सापडली नाही? कारण विकतच्या भागाच्या जागी तिने स्वतः लिहिलेला तोतया भाग बसवला होता, आणि तोही तिच्याच समजुतीने [७:०] असा. एका समजुतीची परीक्षा त्याच समजुतीने घेतली तर ती पासच होणार. पण त्यानंतर प्रत्यक्ष बोर्डावरची चाचणी होती, आणि तिच्यावर माझी सही होती.

त्या रात्री मी एकटाच प्रयोगशाळेत थांबलो. बोर्डावर आठ तारांचे आठ बारीक दिवे होते, दर दिव्याखाली विकतच्या भागाप्रमाणे ० ते ७ आकडे छापलेले. माझी चाचणी मी पुन्हा चालवली. मी चार आकडे पाठवीत असे: ०, २५५, १६५ आणि ९०. शून्याला सगळे दिवे बंद, २५५ ला सगळे चालू. १६५ आणि ९० हे धंद्यातले जुने आवडते नमुने. दिवे आलटून पालटून लागतात, दिसायला छान. मी ते कागदावर दोनाच्या पद्धतीने मांडले. १६५ म्हणजे १०१००१०१. ९० म्हणजे ०१०११०१०. डावीकडून वाचा की उजवीकडून, तेच! 'कडक' हा शब्द जसा दोन्हीकडून सारखा, तसे हे चारही आकडे. आठ बिटांच्या २५६ आकड्यांत असे उलटसुलट सारखे आकडे फक्त सोळा आहेत, आणि मी नेमके त्यांतलेच चार निवडले होते. नुसता १ पाठवला असता तर उजव्या टोकाचा, खाली '७' छापलेला दिवा लागला असता, आणि आंधळ्यालाही दिसले असते.

मी तो १ त्या रात्री पाठवला. सातवा दिवा लागला.

इथे एक गोष्ट कबूल करायची आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी वरिष्ठांकडे गेलो नाही. गेलो तो संध्याकाळी. दिवसभर मी स्वतःशी म्हणत होतो की पुस्तिकेत दिशा लिहिलेली नव्हती, हा दोष पुस्तिकेचा. मुलीने विचारायला हवे होते, हा दोष तिचा. मामांनी मेन स्विच काढायला हवा होता. सगळे खरे होते. तेवढ्या वेळात ती मुलगी आपल्या टेबलाचे खण आवरत होती, आणि ते मला काचेतून दिसत होते. संध्याकाळी मी अहवाल लिहिला. पहिल्या ओळीत माझी चाचणी, चार आकडे आणि माझी सही. वरिष्ठांनी तो वाचला, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "दुरुस्ती किती दिवसांची?"

दुरुस्ती होती दोन ओळींची. तारा उलट्या क्रमाने जोडणारा एक फेरा. सॉफ्टवेअरमध्ये बाइट उलटी करायला पाच-सहा पायऱ्या लागतात. सर्किटात एकही दरवाजा लागत नाही, नुसत्या तारा एकमेकींना ओलांडून जातात. फुकटात होते. ती दुरुस्ती त्या मुलीनेच केली. शिवाय तिने एक नवी चाचणी लिहिली: एकच पेटता दिवा उजवीकडून डावीकडे एकेक घर चालत जातो, आणि प्रत्येक वेळी त्याखालचा आकडा तपासला जातो. त्या दिवसापासून आमच्याकडच्या प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर, जुडगा कोणत्या दिशेचा आणि वजनदार टोक कोणते, हे साध्या शब्दांत लिहिण्याची पद्धत पडली. ग्राहकाची पाहणी चार दिवस उशिरा झाली. मामांचे नख तीन-चार महिन्यांनी पुन्हा आले; जरा वाकडे आले. ते दाखवून मामा नव्या पोरांना सांगत, "हे बघ, बिट शून्य!"

ती मुलगी आता बंगळूरला आहे आणि तिच्या हाताखाली पुष्कळ माणसे आहेत. दिवाळीला न चुकता फोन येतो. त्या एका दिवसाच्या उशिराबद्दल मी तिला कधी बोललो नव्हतो. हा लेख छापून आला की कळेलच.

नात श्रावणात बारा वर्षांची झाली. यंदा गणपतीतच तिने पणत्यांची तालीम घेतली. आठ पणत्या, आणि ओळीच्या डाव्या टोकाला, वजनदार पणतीच्या शेजारी, एक जास्वंदीचे फूल. समोरचा मुलगा खालून "अठ्ठेचाळीस" म्हणायला गेला, फूल पाहून थांबला, पुन्हा बोटे मोडली आणि म्हणाला, "बारा!" आजी मात्र कठड्यापाशी उभी राहून पणत्या मोजत होती.

"गेल्या वर्षी तीन तरी पेटल्या होत्या. यंदा दोनच? अगं, सगळ्या पेटायला किती वर्षांची व्हावं लागेल?"

"दोनशे पंचावन्न," नात म्हणाली.